बॉम जेझुस बासिलिका, जुने गोवे

गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातील जुने गोवे येथे जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाने बांधलेले चर्च. बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १५ मे १६०५ रोजी चर्चचा अभिषेक झाला. संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष येथे असल्याने भाविकांची रीघ बारा महिने असते. जुन्या गोव्यातील इतर चर्चसह ही वास्तू १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

खरी श्रीमंती दर्शनी भिंतीत आहे. खाली तीन दरवाजे, वर मोठ्या चौकोनी खिडक्या, त्याहून वर गोल खिडक्या आणि माथ्यावर येशूच्या नामाक्षरांची कोरीव चौकट. भिंती स्थानिक जांभ्याच्या. नक्षीचे भित्तिस्तंभ मात्र वसईहून आणलेल्या काळ्या बेसाल्टचे. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडेच होती, म्हणून हा दगड समुद्रमार्गे येऊ शकला. जांभ्यावर बारीक कोरीवकाम टिकत नाही, हे कारागीर जाणून होते. घंटाघर समोर न ठेवता मागे घेतल्याने ही भिंत अखंड नजरेत भरते.

आत सोनेरी मुलाम्याची मुख्य वेदी आहे. झेवियर यांच्या समाधीचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोजिनी याने घडवला. तो तस्कनीचा ड्यूक तिसरा कोझिमो याने भेट दिला आणि १६९८ मध्ये येथे उभारला गेला.

आज उघड्या जांभ्यामुळे लाल दिसणारी ही बासिलिका मुळात लाल नव्हती. शेजारच्या से कॅथेड्रलसारखाच तिच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो यांनी दगडाचे प्राचीनपण दिसावे म्हणून तो काढून टाकला. हा निर्णय वास्तूला महागात पडला. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो. कोकणातले बिनगिलाव्याचे, जांभ्याच्या चिऱ्यांचे घर खोल पागोळ्यांच्या आडोशाला तग धरते. इथल्या उंच भिंतींना तसा आडोसा नाही. पावसाच्या माऱ्याने चिऱ्यांचा पृष्ठभाग झिजतो, सांधे मोकळे होतात, शेवाळ धरते. २०२० मध्ये बासिलिकेच्या रेक्टरांनी, म्हणजे प्रमुख धर्मगुरूंनी, ही चिंता जाहीरपणे मांडली.

लाल रूपच लोकांच्या मनात ठसले असल्याने गिलावा पुन्हा द्यावा या मागणीला भावनिक विरोध होतो आणि तो समजण्यासारखा आहे. तरी ते रूप जेमतेम ७० वर्षांचे आहे. त्याआधी साडेतीन शतके गिलाव्याने भिंती राखल्या. गिलावा पुन्हा द्यायचा तर तो चुन्याचाच हवा, कारण सिमेंट ओल आत कोंडते आणि सुटताना जांभ्याचा पापुद्राही सोबत नेते.