बोंबी सरकली म्हणता म्हणता : पोटाच्या इमर्जन्सीमागचा इतिहास

आमच्याकडं पोट जोरात दुखलं की पहिले बोंबी सरकली म्हणतात, मंग कोणीतरी तेल लावून ती बसवून देते, नाही बसली तर एरंडेल. हसू नका, सव्वाशे-दीडशे वर्षांआधी विलायतेत पण पोटदुखीवर जुलाबच द्यायचे, आन् सुजलेलं अपेंडिक्स त्यानं आतच फुटायचं.

पोट चिरणं आपल्याला नवीन नाही. सुश्रुतसंहितेत अडकलेल्या आतड्याला बद्धगुदोदर म्हटलं आहे, आतड्याला भोक असलं तर काळ्या मुंग्या डसवून त्यायची मुंडकी तिथंच ठेवायची असं लिहिलं आहे, म्हणजे तेव्हाचे स्टेपलरच!

लंडनात १७३५ साली अमियांड नावाच्या सर्जननं हर्नियाच्या ऑपरेशनमधी ११ वर्षांच्या पोराचं अपेंडिक्स काढलं, आत टाचणी निघाली. पण हा रोग नीट ओळखायला आणखी दीडशे वर्षं गेली, १८८६ मधी बोस्टनच्या डॉक्टर रेजिनाल्ड फिट्झनं सांगितलं की पोटात उजव्या बाजूला खाली जे गळू होते त्याचं मूळ अपेंडिक्सच आहे, वाट पाहू नका. १९०२ मधी तर इंग्लंडचा राजा सातव्या एडवर्डचा राज्याभिषेकच पुढं ढकलला, राजाच्या पोटातला पू काढाव लागला म्हणून.

मंग १९२१ मधी झॅकरी कोप या इंग्रज सर्जननं साधा हिशोब दिला, धडधाकट माणसाचं पोट सहा तास सारखं जोरात दुखत असंल तर बहुतेक सर्जनचीच केस समजा. तेव्हा निदान होईपर्यंत मॉर्फिन, म्हणजे जबर पेनकिलरची सुई, देऊ नका म्हणायचे, आता तो नियम गेला, पेनकिलर देऊनही पोट तपासता येते. माझ्या मते धोका सुईत नाही, सुई घेऊन घरी जाण्यात आहे.

१९३० नंतर वँगनस्टीन नावाच्या अमेरिकन सर्जननं नाकातून नळी टाकून पोटातलं पाणी ओढायची पद्धत आणली, आतडं अडकलेले कितीतरी पेशंट त्यानं वाचले. आजही कॅज्युअल्टीत तेच दिसते, तोंडानं सगळं बंद, सलाईन, नळी, अँटिबायोटिक, उभा एक्सरे. एक्सरेत छाती आन् पोटाच्या मधल्या पडद्याखाली हवा दिसली की आतडं फुटलं समजतात, टायफॉइडमधी दोन-तीन आठवडे ताप अंगावर काढला की असं होऊ शकते, तेव्हा पोट पाटीसारखं कडक लागते, सर्जनला लगेच बोलवाव लागते.

आन् डॉक्टर विचारतात, वारा सरतो का? उलट्या, फुगलेलं पोट, संडास बंद आन् वारा पण बंद म्हणजे आतडं अडकलं असू शकते. आमच्या बाया सासऱ्यासमोर हे सांगत नाहीत, मान खाली घालून हो म्हणतात, म्हणून सासऱ्याला आधी बाहेर पाठवा आन् मंग विचारा.