चालता चालता पीळ बदलणारा प्रकाश

प्रकाश वस्तूवर दाब देतो हे बरेच जण जाणतात, पण तो तिला फिरवूही शकतो. भौतिकशास्त्रज्ञ लेस ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली मांडलं, की लेझर झोताचे तरंग स्क्रूच्या आट्यांसारखे पिळलेले असले, तर त्यातल्या प्रत्येक फोटॉनकडे, म्हणजे प्रकाशकणाकडे, कक्षीय कोनीय संवेग, म्हणजे वस्तूला फिरवण्याची क्षमता असते. तिचं माप म्हणजे ‘पीळ’: एकेरी आट्याला १, दुहेरीला २. झोताच्या मध्यावर सगळ्या कला (तरंग चढ-उताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) एकमेकींना खोडतात, म्हणून पडद्यावर तेजस्वी कडं दिसतं आणि मधोमध काळोख. प्रकाश शोषणारे सूक्ष्म कण अशा झोतात गरगर फिरतात, हे १९९५ साली प्रत्यक्ष दिसलं.

पण प्रकाशाचा स्पंद, म्हणजे अगदी क्षणभराचा झोत, पुढे जात असतानाच त्याचा पीळ बदलला तर?

स्पेनच्या सालामांका आणि अमेरिकेतल्या बोल्डर इथल्या संशोधकांनी २०१९ मध्ये हे करून दाखवलं. त्यांनी दोन अवरक्त स्पंद घेतले, एकाचा पीळ १, दुसऱ्याचा २. दुसरा किंचित, फेम्टोसेकंदांत (सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) मोजण्याइतका मागे ठेवून दोन्ही आर्गॉन वायूत सोडले. तीव्र प्रकाश अणूतला इलेक्ट्रॉन ओढून काढतो, मग परत अणूवर आपटवतो, आणि त्या धडकेतून अतिनील किरण निघतो. मूळ प्रकाशाच्या सतरा पट वारंवारतेचा फोटॉन म्हणजे १७ अवरक्त फोटॉनांची बेरीज, आणि त्यांचे पीळही बेरजेत येतात. सुरुवातीला फक्त पहिला स्पंद असतो, म्हणून १७. शेवटी फक्त दुसरा, म्हणून ३४. मधल्या काळात १० पहिल्याचे आणि ७ दुसऱ्याचे आले, तर १० अधिक १४ म्हणजे २४. दोन स्पंदांचं प्रमाण हळूहळू बदलत जातं, त्यामुळे सरासरी पीळ १७ वरून ३४ पर्यंत सलग चढतो.

इतक्या थोड्या वेळातला बदल मोजायचा कसा? कड्यावरच्या एखाद्या बिंदूची कला म्हणजे पीळ गुणिले त्या बिंदूचा कोन. पीळ काळानुसार बदलला की कला बदलण्याचा वेग, म्हणजे वारंवारता, प्रत्येक कोनाला वेगळी होते. त्यामुळे कड्याभोवती फिरत गेलं की वारंवारता सरकत जाते. संशोधकांनी नेमकं हेच सरकणं वर्णपटात टिपलं.

बाहेरून कुणी पिळत नसताना पीळ वाढला, मग कोनीय संवेग आपोआप वाढत वा घटत नाही, हा अक्षय्यतेचा नियम मोडला का? नाही. प्रत्येक अतिनील फोटॉनचा पीळ त्या १७ अवरक्त फोटॉनांकडूनच आलेला असतो.