ईश्वरेच्छेचा शोध (पुणे परिसरातील ख्रिस्ती आचार)

ईश्वरेच्छेचा शोध : रोजच्या जगण्यातले निर्णय देवाच्या इच्छेशी ताडून पाहणे आणि ती उमगल्यावर तिच्याप्रमाणे वागणे, हा ख्रिस्ती भक्तिजीवनातील मूलभूत आचार. मराठी ख्रिस्ती घरांत त्याला वेगळे नाव क्वचितच दिले जाते; ‘प्रार्थनेत ठेवू’, ‘प्रभू दाखवील तसं’ एवढ्यावर भागते. त्याचा आधार प्रभूच्या प्रार्थनेतील ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ ही मागणी (मत्तय 6:10), गेथशेमाने बागेत अटकेपूर्वी येशूने केलेली ‘माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ ही प्रार्थना (लूक 22:42) आणि उद्याचे बेत ‘प्रभूची इच्छा असेल तर’ अशा भावनेने करावेत, ही याकोबाच्या पत्रातील शिकवण (4:13–15).

धर्मशास्त्रात प्रकट इच्छा व गुप्त इच्छा असा भेद केला जातो (अनुवाद 29:29). आज्ञा, नीती, शेजाऱ्यावरील प्रीती ही प्रकट इच्छा. ती पाळायची असते. पुढे काय आणि का घडेल, ही गुप्त इच्छा; ती देवाच्या स्वाधीन. हा भेद विसरला की घोटाळा होतो. नोकरी कोणती घ्यावी यासाठी उपवास करणारा माणूस भावाशी धरलेला अबोला मात्र सोडत नाही. मृत्यू वा अपघातानंतर ‘देवाचीच इच्छा’ असे सांत्वन सर्रास केले जाते. जाणते पाळक तेथे जपून बोलतात, आणि ते योग्यच आहे. मूल गमावलेल्या आईला गुप्त इच्छेचा अर्थ सांगण्याचा अधिकार शास्त्राने कोणालाही दिलेला नाही.

चिन्हे मागण्याविषयी मतभेद आहेत. गिदोनाने लोकर ठेवून खूण मागितली (शास्ते 6:36–40). यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्यांनी झाली (प्रेषितांची कृत्ये 1:26). पवित्र आत्म्याच्या आगमनानंतर प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्याचा उल्लेख नव्या करारात येत नाही, म्हणून तो मार्ग तेथेच संपला, असे अनेक भाष्यकार मानतात. हे मत अधिक ग्राह्य वाटते. मोरेव्हियन (युरोपातील एक प्रोटेस्टंट पंथ) ख्रिस्ती मात्र 18व्या शतकात विवाहासारख्या निर्णयांतही चिठ्ठ्या टाकत. त्यांच्या रोजच्या वचनांचे पुस्तक 1731 पासून छापले जाते. काही मंडळ्यांत वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेत प्रत्येकाने वचनाची चिठ्ठी उचलण्याची प्रथा आहे. दोन्हींत साम्य असले तरी वंशसंबंध सिद्ध मानू नये.

पुण्याच्या संदर्भात या विषयाचा खरा कस लागला तो पंडिता रमाबाईंच्या (1858–1922) आयुष्यात. देवाची इच्छा कोणी ओळखायची, व्यक्तीच्या सदसद्विवेकाने की चर्चच्या अधिकाराने, हा वाद त्यांनी बाप्तिस्म्यानंतर (वाँटिज, इंग्लंड, 1883) तेथील भगिनीसंघातील (धर्मव्रती स्त्रियांच्या संस्थेतील) सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून केला. त्याच भगिनीसंघाची शाखा पुण्यात पंच हौद येथे होती. वडीलधाऱ्या संस्थेचे मार्गदर्शन हाच देवाचा आवाज, अशी भगिनींची धारणा; देवाने दिलेला विवेक दुसऱ्याच्या हाती सोपवता येत नाही, ही रमाबाईंची. अभ्यासकांचा कल सहसा रमाबाईंकडे असतो. तरी भगिनींची बाजू निव्वळ हटवादी नव्हती. एकट्याने ऐकलेला आवाज स्वतःच्या हट्टाचाही असू शकतो, ही त्यांची भीती जुनी व रास्त होती.

रमाबाईंनी विधवा व मुलींसाठी काढलेली शाळा, शारदासदन, 1890 मध्ये पुण्यात आली. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे. मुली आपणहून येऊन बसत. मुलींना ख्रिस्ती केले जाते, अशा आरोपावरून 1893 मध्ये वादळ उठले, न्या. रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतले असते तर वाद मिटला असता, पण रमाबाईंना ते आज्ञाभंगासारखे वाटले. दुष्काळ व प्लेगच्या काळात, 1896–98 च्या सुमारास, काम केडगावला (ता. दौंड) हलले. पैशासाठी माणसांपुढे हात न पसरता देवाकडे मागायचे, ही तेथील रीत. तिच्यामागे केवळ प्रार्थनेच्या भरवशावर अनाथालये चालवणाऱ्या ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांच्या चरित्राचा प्रभाव होता.

केडगावच्या या संस्थेतील, म्हणजे मुक्ती मिशनमधील, 1905 च्या जागृतीच्या (सामूहिक पश्चात्ताप व प्रार्थनेच्या लाटेच्या) उगमाविषयी एकमत नाही. एक मत ती वेल्समधील 1904 च्या जागृतीची लाट मानते. दुसरे मत केडगावातच जानेवारी 1905 पासून रोज सकाळी जमणाऱ्या सुमारे 70 जणींच्या प्रार्थनेकडे बोट दाखवते. वेल्सच्या बातमीने उत्साह दिला असेल, पण त्या प्रार्थनेशिवाय तो टिकला नसता. त्यामुळे दुसरे मत अधिक बळकट दिसते. पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल चळवळीचा आरंभ केवळ लॉस एंजेलिसमध्ये (1906) झाला, या समजुतीलाही केडगावमुळे धक्का बसतो. आत्म्याच्या प्रेरणेने अन्य, न शिकलेल्या भाषांत बोलणे हेच आत्म्याचे एकमेव चिन्ह, असे मात्र मुक्तीत मानले गेले नाही. मुली पापे कबूल करीत आणि टोळ्या करून गावोगाव सुवार्ता सांगायला जात. प्रेरणा खरी की नाही, हे असे आचरणावरून ताडले जाई.

घरगुती आचार सर्वपरिचित आहे : संध्याकाळची कुटुंबप्रार्थना, गीत, वचन, डोक्यावर पदर. मोठा निर्णय असला की पाळकांना घरी बोलावतात. लग्न ठरले की उपासनेत ते जाहीर करून हरकत विचारली जाते. वधूवरांना लाभलेले ‘मार्गदर्शन’ मंडळीपुढे तपासण्याची ती रीतच म्हणावी लागेल.

रोमन कॅथलिक परंपरेत येशू संघाचे (जेझुइट) संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या साधनापद्धतीला (पोपची मान्यता 1548) महत्त्व आहे. निवडीचे तीन प्रसंग ती सांगते : निःशंक प्रतीती, मनातील समाधान व उद्वेग यांची पारख, आणि शांत चित्ताने केलेला विचार. पुण्यात नगर रस्त्यावरील ज्ञानदीप विद्यापीठ व 1955 मध्ये श्रीलंकेतील कँडीहून आलेली पेपल सेमिनरी या संस्था येशू संघाकडे असल्याने धर्मगुरूंच्या शिक्षणात ही पद्धत रुजली आहे.