२८ ग्रॅम लव, साडेअकरा लिटर हवा

कॅनडाहून आलेल्या भाच्याने मे महिन्यात गुहागरच्या घरी डाऊनची दुलई आणली. श्रावणात कपाटातून काढली तर चपटी झालेली, वर ओल्या कोंबडीचा वास. वहिनी हळहळल्या, "पिसांतली ऊब गेली हो."

पिसांत ऊब नसतेच. ऊब आपल्या अंगाची, ती धरून ठेवते हवा.

डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या पिसांखालची लव. पिसाला मधोमध दांडा असतो, लवेला नसतो. एका बिंदूतून तंतू चहूकडे फुटतात, त्यांना आणखी बारीक उपतंतू, आणि ते सगळे एकमेकांना दूर रेटत राहतात. हा फुगीरपणा 'फिल पॉवर' या आकड्यात सांगतात. ७०० फिल पॉवर म्हणजे एक औंस, साधारण २८ ग्रॅम लव ७०० घनइंच जागा व्यापते. लिटरमध्ये साडेअकरा! लव आपल्या केसांसारखीच केराटिन या प्रथिनाची, घनता पाण्याच्या सुमारे १.३ पट. म्हणजे तिचं स्वतःचं घनफळ जेमतेम २२ घनसेंटिमीटर, दीड मोठा चमचा. उरलेली ९९.८ टक्के निव्वळ हवा.

मग उघड्या हवेत थंडी का वाजते? हवेतून उष्णता वहनाने फार हळू जाते, पण मोकळी हवा जागची हलते. अंगाजवळ तापली की वर जाते, तिथे गार हवा येते. लवेच्या जाळ्यात ती अडकून पडते, अभिसरण थांबतं. शिवाय अंगातून निघणारे अवरक्त किरणही हे तंतू वाटेत अडवतात.

आता कोकणचा पाऊस. दमट हवेतलं पाणी केराटिनमध्ये शिरतं, तिथले हायड्रोजन बंध, म्हणजे रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणारे नाजूक दुवे, सैल होतात, तंतूंचा ताठपणा जातो. रेटारेटी संपली की दुलई बसते. त्यात पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं.

आपल्याकडे उशांत सावरीचा कापूस भरतात, तो इथे उजवा ठरतो. त्याचा तंतू पोकळ, वरून मेणचट, त्यामुळे पाणी सहज धरत नाही. लवेसारखी उसळी मात्र त्याला नाही, म्हणून तो दबून गोळे होतो.

तरी डाऊनच घ्यायची असेल, एसीच्या खोलीसाठी, तर लेबलवर डाऊनचं प्रमाण किती आणि पिसांचं किती ते पाहा. दांडे टोचतात आणि फुगतही नाहीत. आकडा ६०० ते ७०० पुरे. आपल्याला बर्फात झोपायचं नाही. भरण कमी वजनाचं, कापड घट्ट विणीचं सुती आणि शिवण चौकोनी कप्प्यांची हवी, नाहीतर लव एका कोपऱ्यात गोळा होते. हजार 'थ्रेड काउंट'ला, म्हणजे कापडाच्या चौरस इंचातल्या धाग्यांच्या आकड्याला, भुलू नका. पीळ घातलेल्या सुताचा एकेक पदर वेगळा मोजूनही तो आकडा फुगवतात. आणि सांधेदुखी घालवणाऱ्या चुंबकीय गाद्या तर सरळ फसवणूक आहे. त्या चुंबकांनी दुखणं बरं होत नाही.

आश्विनात ऊन कडक झाल्यावर वहिनींनी ती दुलई खळ्यात बाजेवर दोन दिवस घातली, दर तासाला झटकली. पाणी गेलं, तंतू पुन्हा ताठ झाले. तिसऱ्या दिवशी ती कपाटाच्या त्याच कप्प्यात मावेना.