सहा तास आधी आलेलं पाणी: उत्तर समुद्राच्या हिवाळी उधाणाची पार्श्वभूमी

डिसेंबर-जानेवारीत इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एखाद्या गावात संध्याकाळी पोलीस दारोदार फिरतात. औषधं, चष्मा, कागदपत्रं पिशवीत भरा, वीज बंद करा आणि शाळेच्या हॉलमध्ये चला, असं सांगतात. तेव्हा आभाळ बऱ्याचदा स्वच्छ असतं आणि समुद्र ओहोटीला गेलेला असतो. पाणी यायला अजून सहा-आठ तास असतात. हे तास पूर्वीही असायचेच, पण त्यांचा उपयोग कुणी करत नव्हतं. तो करायला लोक शिकले एका रात्रीमुळे: 31 जानेवारी 1953, शनिवार.

उत्तर समुद्राचा आकार मुळातच घातक आहे. उत्तरेला तो अटलांटिककडे मोकळा आणि खोल आहे. दक्षिणेला, इंग्लंड आणि हॉलंडच्या मध्ये, तो अरुंद आणि उथळ होत जातो. हिवाळ्यात स्कॉटलंडच्या बाजूने खोल कमी दाबाचं क्षेत्र सरकलं की दोन गोष्टी घडतात. हवेचा दाब एका मिलिबारने उतरला की पाणी साधारण एक सेंटीमीटर वर येतं. हा भाग छोटा. मोठा भाग वाऱ्याचा. वायव्येचं वादळ पाण्याला दक्षिणेकडे रेटतं आणि पुढे जागा नसल्याने ते चढतं. त्यात उधाणाची भरती असली की संपलंच. 1953 साली पौर्णिमा नुकतीच उलटली होती. नेहमीच्या भरतीवर काही ठिकाणी अडीच-तीन मीटर पाणी चढलं.

पण हे पाणी सगळीकडे एकदम येत नाही. स्कॉटलंडकडून ते इंग्लंडच्या किनाऱ्याने खाली उतरत जातं आणि मग हॉलंडवर आदळतं. त्या शनिवारी दुपारी स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात ‘प्रिन्सेस व्हिक्टोरिया’ ही प्रवासी बोट बुडून सव्वाशेहून अधिक माणसं गेली होती. संध्याकाळी सातच्या सुमारास लिंकनशरचे बांध फुटले. थोड्याच वेळात नॉर्फकमध्ये हन्स्टन्टनहून किंग्ज लिनकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनावर वाहत आलेला एक अख्खा बंगला आदळला. टेम्सच्या मुखाशी असलेल्या कॅन्व्ही बेटावर बांध फुटला तो मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास. मधल्या सहा तासांत किनाऱ्याच्या वरच्या भागात माणसं मरत होती आणि खालच्या भागातली झोपायला जात होती.

तारा आणि खांब पडले होते, टेलिफोन बंद होते, हे खरं. पण खरी अडचण वेगळी होती. खालच्या गावांना कळवणं हे कुणाचंच काम नव्हतं. 1928 साली टेम्सच्या पुरात लंडनमध्ये 14 माणसं तळघरांत बुडाली, तेव्हा इशाऱ्याची एक व्यवस्था उभी राहिली होती, पण ती लंडनपुरती. बाकी किनारा ज्याचा त्याने सांभाळायचा. कॅन्व्हीवर 58 जण गेले. इंग्लंडच्या जमिनीवर एकूण 307.

मेलेले कोण होते हेही पाहण्यासारखं आहे. कॅन्व्ही हे 17व्या शतकात डच लोकांच्या मदतीने बांध घालून समुद्राकडून घेतलेलं बेट. कॅन्व्हीप्रमाणेच एसेक्स परगण्याच्या किनाऱ्यावरचं जेविक 1930च्या दशकात लंडनच्या कामगारांनी सुट्टीत यावं म्हणून उभं केलेलं. दोन्हीकडे लाकडी, एकमजली, हलकी घरं. युद्धानंतर लंडनमध्ये घरांची टंचाई, म्हणून लोक तिथेच बाराही महिने राहू लागले. वरचा मजला नाही, म्हणजे चढायला जागा नाही. माणसं खुर्चीवर, टेबलावर, मग छपरावर चढली आणि बरीचशी थंडीने गेली. वृद्ध आणि लहान मुलं आधी.

हॉलंडमध्ये आकडा 1,836. तिथे इशाऱ्याची यंत्रणा होती, हे विशेष. 1916च्या पुरानंतर 1921 साली वादळी भरतीची सूचना देणारी सेवा सुरू झालेली होती. शनिवारी संध्याकाळी तिने धोकादायक उंच पाण्याचा इशारा पाठवलाही. पण तो तारेने जायचा, आणि ज्यांनी त्यासाठी नाव नोंदवलं होतं त्यांनाच. बांधांची देखभाल करणाऱ्या छोट्या छोट्या जलमंडळांपैकी बहुतेकांनी नोंदवलेलं नव्हतं. रेडिओ रात्री बाराला बंद झाला. बांध पहाटे फुटले. रविवारी दुपारी दुसरी भरती आली आणि रात्रभर छपरांवर काढलेल्यांपैकी कित्येकांना घेऊन गेली.

बांध कमकुवत आहेत हे माहीत नव्हतं असंही नाही. सरकारी जलखात्यातले अभियंते योहान फान फेन हे 1930च्या दशकापासून सांगत होते की नैऋत्येकडचे बांध पुरेसे उंच नाहीत. युद्ध, मग युद्धानंतरची घरबांधणी, यांत पैसा दुसरीकडे गेला. खाड्यांची मुखं बंद करण्याचा त्यांचा आराखडा 29 जानेवारी 1953 रोजी, म्हणजे पुराच्या दोनच दिवस आधी, तयार होता. बांध कसे फुटले हेही नंतर तपासलं गेलं. समुद्राने समोरून धडक मारून ते क्वचितच तोडले. पाणी माथ्यावरून सांडलं आणि आतल्या, जमिनीकडच्या उभ्या उतरणीवरची माती धुवून निघाली, मग खांड पडली. रायगडात खारजमिनीच्या बांधावर राबलेल्या शेतकऱ्याला हे नवं वाटणार नाही. उधाणात पाणी वरून यायला लागलं की बांधाचं काही खरं नसतं, आणि एकदा खारं पाणी आत शिरलं की शेत काही वर्षं हातचं जातं.

रॉटरडॅमजवळ हॉलंडसे आयसेल नदीच्या बांधाला अशीच खांड पडायला लागली, तेव्हा गावच्या महापौराने एक मालवाहू बोट ताब्यात घेतली आणि तिच्या नाखव्याने, आरी एव्हेग्रूनने, ती आडवी घालून भगदाड बुजवलं. मागे देशाचा सगळ्यात दाट वस्तीचा सखल भाग होता. गोष्ट थरारक आहे, आणि डच लोकांनी तिचं स्मारकही केलंय. पण लाखो लोकांचं रक्षण एका नाखव्याच्या धाडसावर यावं, ही त्या राज्यव्यवस्थेची अब्रू गेल्याची खूणही होती. बहुधा ती त्यांनाही कळली. तीन आठवड्यांत नैऋत्येकडच्या खाड्यांचं काय करायचं हे ठरवणारा डेल्टा आयोग बसला. शेवटची मोठी खांड, आउवरकेर्कची, नोव्हेंबर 1953 मध्ये बुजवली गेली, तीही नॉर्मंडीच्या लढाईसाठी बनवलेल्या पद्धतीच्या काँक्रीटच्या अजस्र पेट्या बुडवून. आज त्याच चार पेट्यांत पुराचं संग्रहालय आहे.

यापुढे दोन देशांच्या वाटा वेगळ्या झाल्या. डच लोकांनी प्रश्न असा मांडला: किती वर्षांतून एकदा बुडणं आपल्याला परवडेल? मध्य हॉलंडसाठी उत्तर निघालं, दहा हजार वर्षांतून एकदा. 1958 साली डेल्टा कायदा झाला आणि खाड्या एकामागून एक बंद होऊ लागल्या. ऊस्टरस्खेल्डे ही खाडी मात्र अडली. कालवं आणि शिंपल्यांवर जगणाऱ्या येर्सेकेच्या कोळ्यांनी आणि पर्यावरणवाद्यांनी पक्क्या धरणाला विरोध केला, आणि 1970च्या दशकात सरकारला आराखडा बदलावा लागला. एरवी उघडी राहणारी आणि वादळात बंद होणारी 62 दारांची ती भिंत 1986 साली पुरी झाली. खारभूमीतल्या उघाडीचं, म्हणजे बांधातल्या उघडझाप होणाऱ्या दाराचंच तत्त्व, पण नऊ किलोमीटर लांबीचं. माझ्या मते सगळ्या डेल्टा योजनेत हाच निर्णय सगळ्यात शहाणपणाचा. तो अभियंत्यांनी आपणहून घेतला नव्हता, हे विसरू नये.

इंग्रजांनी आधी इशाऱ्याची बाजू धरली. 1953 सालीच हवामान खात्यात पूर्व किनाऱ्यासाठी वादळी भरतीचा इशारा देणारी सेवा सुरू झाली. पुराची चौकशी करणाऱ्या वेव्हर्ली समितीने तिला पक्कं स्वरूप द्यायला सांगितलं आणि लंडनसाठी नदीवर अडसर बांधण्याची शिफारस केली. अडसर वापरात यायला 1982 उजाडलं, बोटींना वाट किती ठेवायची यावरच वर्षं गेली. दरम्यान जानेवारी 1978 मध्ये पुन्हा मोठं उधाण आलं आणि हन्स्टन्टन, मार्गेटसारखे जुने धक्के मोडून गेले. त्याच सुमारास संगणकावरचं भाकीत रोजच्या वापरात आलं. आता तासांऐवजी दीड दिवस मिळू लागला.

या सगळ्याची परीक्षा 5 डिसेंबर 2013 रोजी झाली. पाण्याची उंची काही ठिकाणी 1953पेक्षाही जास्त भरली. इंग्लंडमध्ये सुमारे 2,800 घरं-दुकानं पाण्यात गेली, नॉर्फकच्या हेम्सबीमध्ये वाळूच्या कड्यावरची घरं समुद्रात कोसळली. पण गावं आधीच रिकामी केलेली होती. पूर्व किनाऱ्यावर त्या पाण्याने एकही जीव गेला नाही. भिंती उंच झाल्या होत्या हे कारण आहेच. तरी घरं पडली आणि माणसं वाचली, ते भिंतीने नव्हे.

जेविक अजून तिथेच आहे. मधल्या काळात ते इंग्लंडमधल्या सगळ्यात गरीब वस्त्यांच्या सरकारी यादीत पुन्हा पुन्हा पहिलं आलं. घरं बहुतेक अजून एकमजली. जानेवारी 2017 मध्ये तिथे पुन्हा सक्तीने नव्हे पण आग्रहाने घरं सोडायला सांगण्यात आलं, मदतीला सैन्यही आलं. काही लोक निघाले, काहींनी नकार दिला. कुत्रं कुठे न्यायचं, घर फोडलं तर काय, मागच्या वेळीही काही झालं नव्हतं, अशी त्यांची कारणं. वाऱ्याचा जोर आणि भरतीची वेळ जुळली नाही, पाणी बांधाच्या खालीच राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी न गेलेल्यांचंच म्हणणं खरं ठरल्यासारखं झालं. आज किनाऱ्यावर आपत्तीचं नियोजन करणाऱ्यांचा अर्धा वेळ पाण्याच्या उंचीत जातो, उरलेला या लोकांना पुढच्या वेळी घराबाहेर कसं काढायचं यात.