लावणीतला काटा आणि एक मीटर लांब पेशी

‘दुखत नाही ना, मग राहू दे.’ मळ्यातल्या चिखलातून वर आल्यावर पायात रुतलेला काटा असो की कालवाच्या शिंपीने चिरलेली टाच, आपल्याकडे हे वाक्य सर्रास ऐकू येतं. दहा-पंधरा वर्षं मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र न दुखणं हीच धोक्याची खूण असते.

मधुमेहाने येणारा हा बधिरपणा पायाच्या बोटांपासूनच का सुरू होतो? अंगठ्याचा स्पर्श वर नेणाऱ्या चेतापेशीचं मुख्य शरीर कमरेजवळ, मणक्यालगत असतं आणि तिचा तंतू तिथून थेट अंगठ्यापर्यंत जातो. एकच पेशी, सुमारे एक मीटर लांब! तंतूला लागणारी बहुतेक प्रथिनं मुख्य शरीरात तयार होऊन आतून टोकापर्यंत वाहून न्यावी लागतात. जलद वाहतूक दिवसाला सुमारे ४०० मिलिमीटर, म्हणजे अडीच दिवसांचा प्रवास. तंतूचा सांगाडा घडवणारी प्रथिनं दिवसाला जेमतेम काही मिलिमीटर सरकतात. त्यांना महिने लागतात.

स्नायूत साखर शिरायला इन्सुलिन लागतं, चेतापेशीला ते लागत नाही. त्यामुळे रक्तात साखर वाढली की तिच्या आतही वाढते. अल्डोज रिडक्टेज हे विकर या जादा साखरेचं सॉर्बिटॉल करतं आणि त्यात एनएडीपीएच हा पेशीतला मदतनीस रेणू खर्ची पडतो. पेशीचं रक्षण करणाऱ्या ग्लुटाथायोनला पुन्हा कामाचं करायलाही तोच लागतो, म्हणून तो कमी पडला की हे रक्षण ढिलं होतं. त्यातून पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकॉन्ड्रिया बिघडतात, चेतेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही खराब होतात. पाटाचं पाणी कमी पडलं की शेवटची पोफळ आधी सुकते, तसं तंतूचं टोक आधी मरतं. बधिरपणा गुडघ्याच्या आसपास चढला की हातांची बोटंही बधिरू लागतात, कारण तिथवरच्या तंतूंची लांबी साधारण तेवढीच.

स्पर्शाबरोबर पावलातले लहान स्नायूही दुबळे होतात. बोटं आखडतात, भार हाडांच्या टोकांवर येतो आणि तिथे घट्टा धरतो. चपलेत अडकलेल्या खड्यासारखा तो दाबत राहतो. खाली रक्त साकळतं, जखम आतल्या आत तयार होते. घाम थांबल्याने टाचा भेगाळतात. त्यात पावसात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या की जंतूंना वाट मोकळीच.

अशा पायाला बिब्बा घालू नका. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं आणि बधिर पायाला ते कळत नाही. ब्लेडने कुरूप कापणं, गरम पिशवीने शेकणं, तेही नको. बधिरपणाला बाहेरची बाधा समजून गाऱ्हाण्यांत महिने घालवू नका. कारल्याच्या रसाने मेलेली चेता परत येत नाही.

घरची तपासणी सोपी आहे. माणसाने डोळे मिटायचे. दुसऱ्याने दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना तर्जनी एक-दोन सेकंद हलकेच टेकवायची, दाबायची नाही. सहांपैकी दोन ठिकाणी कळलं नाही, तर डॉक्टरांकडे जा. ते १० ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या तंतूने पुन्हा तपासतील. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ ही तपासा. ते कमी झाल्यानेही पाय बधिरतात आणि ती कमतरता भरून काढता येते.

टाइप १ मधुमेहावरच्या १९९३ च्या मोठ्या चाचणीत साखरेच्या काटेकोर नियंत्रणाने चेतांचा विकार सुमारे ६० टक्क्यांनी घटला. टाइप २ मध्ये हा फायदा इतका ठळक नाही, म्हणून पावलांची निगा साखरेइतकीच महत्त्वाची. रोज संध्याकाळी पाय धुऊन बेचके कोरडे टिपा, तळव्याला खोबरेल लावा, बेचक्यांत नको. तळवा आरशात बघा. तापल्या कातळावर अनवाणी जाऊ नका. मळ्यात गमबूट घाला, पण घालण्याआधी उलटा करून झटका. अंगठ्याची चप्पल बधिर पायातून निसटली तरी समजत नाही. मागे पट्टा असलेली, मऊ एमसीआर (बारीक छिद्रांचं रबर) तळाची सँडल घ्या.

जखम दिसली तर त्याच दिवशी दाखवा आणि त्या पायावर भार देणं थांबवा. चालत राहिलात तर नुसत्या औषधांनी ती भरत नाही. जखम नसतानाही एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम, लाल, सुजलेलं लागलं, तर आत हाडं मोडत असू शकतात. तेव्हा दुखत नसलं तरी पाय टेकू नका, प्लास्टर लागू शकतं.