गणिताची उजळणी आणि गणिताचा सराव

जानेवारीत शाळेची पूर्वपरीक्षा आटोपली की दहावीच्या मुलांच्या आयांचे मला फोन सुरू होतात. मध्यंतरीचा असाच एक. "मॅडम, अहो, बीजगणिताची दोनदा उजळणी झालीय त्याची. तरी चाळीसपैकी अठरा!" मुलाला वही घेऊन बोलावलं. तो खोटं बोलत नव्हता. पानं हाताळून मऊ झालेली, सूत्रांवर पिवळा हायलायटर, समासात चांदण्या. उजळणी खरंच दोनदा झाली होती. सराव एकदाही झाला नव्हता.

हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. उजळणी म्हणजे आधी सोडवलेल्यावरून पुन्हा नजर फिरवणं. सराव म्हणजे प्रश्न, कोरा कागद आणि आपण. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: मूल टेबलाशी बसलंय, पुढ्यात गणित, मोबाइल दुसऱ्या खोलीत. फरक ओळखायचा असेल तर पेनाकडे बघा. उजळणीत ते टोपण लावून पडलेलं असतं, फार तर अधोरेखनापुरतं उघडतं.

मी त्याला त्याच्याच वहीतलं अंकगणिती श्रेढीचं, म्हणजे ठरावीक फरकाने पुढे जाणाऱ्या संख्यांचं, एक गणित काढून दिलं. १०० आणि ५०० यांच्या दरम्यान ७ ने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्या किती? आधी वही उघडी ठेवून वाचायला सांगितलं. पहिलं पद १०५, सामान्य फरक ७, शेवटचं पद ४९७, सूत्रात किमती घातल्या, उत्तर ५७. "हे येतं मला," म्हणाला. मग वही मिटली आणि तेच गणित, एक आकडाही न बदलता, कोऱ्या कागदावर करायला दिलं.

पाच मिनिटं तो पहिल्या ओळीवरच. १०५ आलं कुठून?

वहीत ते आयतं लिहिलेलं होतं. वाचताना १०५ ही माहिती असते, सोडवताना ती शोधावी लागते. १०० ला ७ ने भागलं की बाकी २ उरते, म्हणजे ९८ मागे पडली, पुढची १०५. ५०० ला भागलं की बाकी ३, म्हणून शेवटची ४९७. या गणितातलं खरं डोकं इथे लागतं, आणि ही सगळी खटपट कच्च्या कामात होते. पक्क्या वहीत ती उतरतच नाही! तिथे थेट 'पहिलं पद = १०५'. म्हणजे वही कितीही वेळा वाचली तरी अवघड भाग डोळ्यांखालून जातच नाही. पुढचं सूत्रात किमती घालणं, ते कुणालाही जमतं.

तरी तो तिथेही घसरला. ४९७ वजा १०५ म्हणजे ३९२, भागिले ७, आले ५६. उत्तर ५६ लिहून खाली दोन रेघा ओढल्या. ५६ ही पदांच्या संख्येतून एक वजा केल्यावरची किंमत, तिच्यात १ मिळवायचा राहिला. ती ओळ त्याने वहीत दोनदा वाचली होती आणि दोन्ही वेळा मान डोलावली होती.

आपल्या भाषेत यासाठी नेमके शब्द आहेत. मुलं म्हणतात, "मला समजलंय, पण येत नाही." मोठी माणसं याला बहाणा समजतात. मला वाटतं, इतकं प्रामाणिक वाक्य दुसरं नाही. उजळणीने समजलेलं ताजं राहतं. समजलेलं यायला लागतं ते सरावाने.

गंमत म्हणजे उजळणी हा शब्द मुळात इतका मवाळ नव्हता. आमच्या आजोबांच्या पिढीत तिन्हीसांजेला दिवा लागला की परवचा व्हायचा: पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. पुस्तक न बघता, मोठ्याने. अडखळलं की घरातलं कुणीतरी तिथल्या तिथे टोकायचं. त्यालाच ते उजळणी म्हणत. म्हणजे नाव उजळणी आणि काम सरावाचं. पुढे नाव राहिलं, काम गेलं, आणि हातात हायलायटर आला.

हेनरी रोडिगर आणि जेफरी कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे तपासून पाहिलं, गणितावर नव्हे तर गद्य उताऱ्यांवर. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे. आठवड्याने घेतली तर न बघता आठवून लिहिणारे पुढे. रात्री उजळणी करून 'सगळं येतंय' वाटतं ते का, याचं उत्तर यात आहे. त्या क्षणी ते खरंच येत असतं.

आता सरावातही एक मेख आहे, आणि शिकवण्या घेणारे आम्हीच ती मारून ठेवतो. आपण सरावसंच क्रमाने सोडवून घेतो. वर धड्याचं नाव आहे 'अंकगणिती श्रेढी', मग खालची वीसच्या वीस गणितं श्रेढीचीच असणार, हे मुलाला न वाचताच ठाऊक असतं. बोर्डाच्या पेपरात धड्याचं नाव छापलेलं नसतं. शाब्दिक उदाहरण समोर आलं की पहिला प्रश्न 'कसं सोडवू' नसून 'हे कुठल्या धड्यातलं' असा असतो. एकसामयिक समीकरणं मांडायची की वर्गसमीकरण? सरावसंच हा प्रश्न कधी विचारतच नाही.

डग रोहरर आणि केली टेलर यांचा २००७ चा प्रयोग मी पालकांना नेहमी सांगते. विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाला एकेका प्रकारची गणितं सलग दिली, दुसऱ्याला चारही प्रकारांची मिसळ. सराव चालू असताना सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर, मिसळवाल्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आले, मिसळवाले ६३. म्हणजे जो सराव करताना जास्त चुका झाल्या, तोच टिकला. मुलाला हे पटवणं अवघड जातं. आईला तर त्याहून.

म्हणून मी साधं करते. चिठ्ठ्यांवर बीजगणिताच्या सहाही धड्यांतली गणितं लिहून डब्यात टाकते, धड्याचं नाव न घालता. रोज पाच चिठ्ठ्या काढायच्या. घड्याळ लावायचं ते पेपरच्याच हिशोबाने: ४० गुणांना दोन तास, म्हणजे गुणामागे तीन मिनिटं. चार गुणांच्या गणितावर पंचवीस मिनिटं घालवून ते सुटलं, तर घरी शाबासकी मिळेल, पेपरात नाही.

भूमितीत तर उजळणी जास्तच फसवते. प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाची आकृती प्रत्येक वहीत एकच: शिरोबिंदू वर, पाया खाली आडवा, त्याला समांतर रेषा. तोच त्रिकोण कुशीवर निजवला आणि अक्षरं बदलली की अर्धा वर्ग गोंधळतो. मुलांनी प्रमेय पाठ केलेलं नसतं, चित्र पाठ केलेलं असतं. सिद्धता करायला बसताना आकृती मुद्दाम तिरकी काढावी, अक्षरं वेगळी घ्यावीत, आणि पक्ष, साध्य, सिद्धता स्वतः लिहावं. रचनांबद्दल काय बोलायचं! रचनेच्या पायऱ्या वाचताना कंपासचा ढिला स्क्रू कधीच त्रास देत नाही.

उजळणी टाकाऊ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. शंकूछेदाची सूत्रं, ३०, ४५, ६० अंशांची त्रिकोणमितीय गुणोत्तरं, दर्शनी किंमत आणि बाजारभाव यांतला फरक, मध्यकाचं सूत्र: हे सगळं डोळ्यांखालून जात राहिलं पाहिजे. रिकाम्या चौकटी भरायच्या 'कृती पूर्ण करा' प्रश्नांतही उजळणी बरीच साथ देते, कारण सांगाडा छापलेला असतो, आपण फक्त जागा भरायच्या. पण एका पेपरात अशा प्रश्नांचे गुण सात. उरलेल्यांतही थोडे पर्यायांचे सोडले तर बाकी सगळीकडे सांगाडा आपणच उभा करायचा.

त्या मुलाला मी एक दोनशेपानी वही चुकांसाठी करायला लावली. चुकलेलं पूर्ण गणित उतरवायचं नाही, फक्त कुठे घसरलो ते एका ओळीत. पंधरा दिवसांत चार पानं भरली. 'शेवटी १ मिळवायचा राहिला' हे तीन वेगवेगळ्या तारखांना आहे, 'ऋण चिन्ह कंसाबाहेर आणताना बदललं नाही' पाच वेळा. पेपरच्या आदल्या संध्याकाळी एवढीच पानं वाच, असं सांगितलंय.

काल आईचा पुन्हा फोन. "मॅडम, तो हल्ली गणिताची वही उघडतच नाही हो. डब्यातून चिठ्ठ्या काढतो आणि कोऱ्या कागदांवर काहीतरी खरडत बसतो, मधेच वैतागून उठतो. अभ्यास करतोय ना तो?"

"करतोय," म्हटलं, "फक्त रद्दी टाकू नका. ते कागद मला बघायचेत."